पाण्यावरून येणारी टोपी

वैशाखात शाळेला सुट्टी लागली की मला दोन गोष्टी होतात. एक, घरात करमत नाही. दुसरी, भीती वाटते. पहिली मी सगळ्यांना सांगत फिरते आणि लोक हसतात, बाईंना सुट्टीतही ओरडायला पोरं लागतात म्हणतात. दुसरी मी अठ्ठावीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. यंदा सांगावी लागली.

हा हंगामच तसा आहे. भिवंडीत आमच्या घराच्या तळमजल्यावर लूम आहेत. आठवडाभर त्यांचा खडखडाट चालतो, त्यातच आम्ही जेवतो, भांडतो, झोपतो. कपाटातल्या साड्यांवर, लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या दादऱ्यावर कापसाचं बारीक तूस येऊन बसतं. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी जाग येते ती आवाज नसल्यामुळे येते. कोपऱ्यावर ताडगोळेवाला बसलेला असतो, कोणाच्या तरी गच्चीत सुकट वाळत असते, डांबर इतकं मऊ झालेलं असतं की चप्पल चिकटते. बाकी लोक त्या शांततेत दुपारी ताणून देतात. मला मात्र शुक्रवार म्हटलं की टॉकीजमधला बाराचा खेळ आठवतो.

सिनेमा इंग्रजी होता. त्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला ‘पळापळी’ म्हणत. टॉकीजवाल्याकडे त्याची एक घासून पांढुरकी झालेली प्रत होती. होळीनंतर नवं काही मिळालं नाही की तो ती बाहेर काढी. लूम बंद असल्यामुळे कामगारांची ही गर्दी व्हायची. कोणी उत्तरेकडचे, कोणी तेलंगणातले, आणि त्यात आम्ही खाडीकाठचे. इंग्रजी एकालाही येत नव्हतं आणि एकाचंही त्यावाचून अडलं नाही.

गोष्ट एवढीशीच. एका नवरदेवाला लग्नाला उशीर झालेला असतो. तो शेजाऱ्याची गाडी न विचारता घेऊन निघतो. शेजारी दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन त्याच्या मागे लागतो आणि वाटेत एका म्हातारीच्या गाडीला ठोकतो. म्हातारी शेजाऱ्याच्या मागे, म्हातारीच्या मागे फौजदार, फौजदाराच्या मागे पाववाला, असं करता करता सगळं गाव चाकांवर येतं. आता हे लिहितानाही मला हसू फुटतंय, बघा. म्हातारीच्या मांडीवर एक कोंबडी असायची. गाडी टेकाडावरून उडाली की म्हातारी स्टिअरिंग सोडून आधी कोंबडीचे डोळे झाकायची. फौजदार असा ढेरपोट्या, की प्रत्येक वळणावर गाडीतून बाहेर पडायचा आणि पट्टा सावरत पळत जाऊन पुन्हा आत बसायचा. पाववाल्याचे पाव सांडायचे. आणि तो शेजारी! काडीसारखा माणूस, तोंड सदा रडवेलं. आपल्या गाडीला ओरखडा गेला की हात छातीवर ठेवायचा. त्याच्या त्या हातावर अख्खं थिएटर खुर्च्या बडवायचं.

नवरदेव मात्र हसायचा नाही. डोक्यावर उंच काळी टोपी, कोटाला फूल, आणि चेहरा आमच्या शाळेच्या साहेबांसारखा गंभीर. शेवटी पूल मोडलेला असतो आणि त्याची गाडी सरळ नदीत जाते. चाकं जातात, दारं जातात, काच जाते, नवरदेव जातो. पाण्यावर राहते फक्त टोपी. सगळं शांत. मग ती टोपी हळूहळू पुढे सरकायला लागते. एक बदक येऊन तिच्यावर बसतं. टोपी अलीकडच्या काठाला येते, वर उचलली जाते, आणि तिच्याखालून निथळता नवरदेव, त्याच्याखालून गाडी. फूल तसंच टवटवीत. त्या वेळी ज्या शिट्ट्या पडत, तशा मी पुन्हा कुठे ऐकल्या नाहीत. “आला, आला!” म्हणून माणसं उभी राहायची. माझा दादा तर आधीपासूनच उभा असायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाळाराम. आमचं गाव खारबावच्या अलीकडे, खाडीला लागून. आजोबांपर्यंत शेती आणि मासेमारी. दादाने टेम्पो घेतला आणि भिवंडीतल्या कापडाच्या गाठी मुंबईच्या गोदीपर्यंत पोचवायचं काम धरलं. शिवाय त्याची एक जुनी उघडी जीप होती, तिच्यावर त्याचा वहिनीपेक्षा जास्त जीव, असं वहिनीच म्हणायची. गोदीतल्या कोणा खलाशाकडून त्याने एक काळी टोपी मिळवली होती. पळापळीतल्यासारखी उंच नव्हती, पण काळी होती. ती घालून तो गावात जीप चालवायचा आणि वळणावर उडी मारून फौजदारासारखा मागून पळत यायचा. वडील ओरडायचे, “टाळकं फुटंल, मंग कळंल.” दादा हसायचा. त्याच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलायचे. मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते, बावीस वर्षांची. त्याच्यासारखा माणूस मला जगात दुसरा दिसत नव्हता.

आमच्याबरोबर असायचा मुश्ताकभाई. तो लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारा. पळापळी त्याने दादापेक्षाही जास्त वेळा पाहिला होता. ढेरपोट्या फौजदार त्याला आपल्या शेठसारखा वाटायचा.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या पंधरा दिवस आधी मी गावी गेले. निकेशच्या लग्नाची तयारी चालली होती. निकेश दादाचा मुलगा. दादा गेला तेव्हा तो चार महिन्यांचा होता, वहिनीबरोबर तिच्या माहेरी. आमच्या शेतांच्या जागी आता गोदामं आहेत, दारात पांढरी मोठी गाडी आहे, भिंतीवर भिंतीएवढा टीव्ही आहे. ओटीवर पाय ठेवला आणि मला एक हॉर्न ऐकू आला. भोंगा फाटल्यासारखा, दोनदा आखूड, एकदा लांब. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तो म्हातारीच्या गाडीचा हॉर्न होता.

“आत्या, ये ना, बस. तुला दाखवतो,” निकेश म्हणाला. “पप्पांचा पिक्चर. नेटवर सगळा हाय.”

मी बसले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. कोंबडी दिसली, फौजदार पडला, शेजाऱ्याने छातीवर हात ठेवला, आणि मी पदर तोंडाला लावून हसले. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. निकेश मोबाइलवर वाचून त्या नटांची माहिती सांगत होता. सगळे कधीच गेले म्हणे. म्हातारी झालेली बाई तेव्हा जेमतेम तिशीची होती. फौजदार घरी अगदी अबोल असायचा. मग नदी आली, मी हसायची थांबले, आणि निकेश म्हणाला, “ह्या सीनमध्ये माहितेय काय केलं? टोपीखाली कोण नव्हतंच, आत्या. तारेने ओढलीय नुसती टोपी.”

टीव्हीवर ती काळी टोपी सरकत होती. मी उठून पाणी प्यायला गेले.

मागून निकेशचा आवाज आला. “हाच सीन करतोय आम्ही प्रीवेडिंगच्या शूटिंगला. बांधावर, उतारात. हळद लागली का मना वेस ओलांडू देनार न्हाय, म्हणून आधी. पप्पांची टोपीपन हाय. मम्मीने दिली.”

उतार म्हणजे काय ते सांगायला हवं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचा बांध असतो. त्या बांधावरूनच बैलगाड्या जायच्या. एका जागी तो खचून खोलगट झालेला आहे, तो उतार. मोठ्या भरतीला तिथून पाणी आत येतं. आतल्या बाजूला, बांधासाठी माती काढून काढून, दोन पुरुष खोल खळगा झालेला. ओहोटीला उतार कोरडा असतो, मधल्या वेळी घोटाभर पाणी. ते घोटाभर पाणी उडवत जीप काढायची हा दादाचा आवडता खेळ होता.

भरती कधी, ओहोटी कधी, ह्यासाठी वडिलांचं गणित होतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमी असेल तर सहा वाजता. हे गणित सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पण आमची खाडी समुद्रापासून लांब, पाणी चढून यायला वेळ लागतो. म्हणून वडील पुढे सांगायचे, “त्यावर दीड तास आपल्या खाडीचा.” आणि तेवढ्यावरही त्यांचा विश्वास नसे. पाण्यात पाय घालण्याआधी ते एक काडी टाकायचे. काडी गावाकडे गेली तर भरती चालू आहे, खाडीकडे गेली तर उतरतंय. पाचवीतल्या पोराला कळेल इतकं सोपं. आम्हाला ते कळत नव्हतं असंही नाही.

त्या वर्षी होळीपासून चार शुक्रवार पळापळी चालला. पाचव्या शुक्रवारी आम्ही तिघं टॉकीजवर गेलो तर पोस्टर बदललेलं. मुश्ताकभाईने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, “अरे यार, आज तो दिन ही खराब है.” दादाचं तोंड पोराचं खेळणं काढून घेतल्यासारखं झालं होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. “चला गावी,” तो म्हणाला. “तुमाला मी दाखवतो पिक्चर.”

हनुमान जयंती होऊन दोन दिवस झाले होते. बांधावर आलो तेव्हा दोन वाजले असतील. ऊन असं, की पलीकडच्या मिठागरातले मिठाचे ढीग बघवत नव्हते. वडील कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. उतारात पाणी होतं, पण जराही न हलणारं, निजलेलं. दादाने बोटांवर मोजलं. “आज दुसरी. म्हणजे दीड वाजता भरती. आता दोन वाजलं. उतरतंय पानी. काय, वंदे?”

मी शाळामास्तरीण. मी मनात गुणाकार केला. “बरोबर,” म्हणाले.

गुणाकार बरोबरच होता. दोन वर्षं दादा गोदीत येत जात होता, तिथे तेवढंच गणित लागतं, तेच त्याच्या डोक्यात बसलं होतं. माझ्या डोक्यात कशाने बसलं ते मला सांगता येत नाही. खाडीचा दीड तास आम्ही दोघंही विसरलो. काडी कोणी टाकली नाही.

दादाने जीप पलीकडे नेली ती लांबच्या वाटेने, मागून फिरून. आम्ही गावाकडच्या टोकाला उभे राहिलो. मुश्ताकभाईने तोंडाने तो हॉर्न वाजवला, दोनदा आखूड, एकदा लांब. पलीकडे दादाने टोपी घट्ट बसवली, तोंड अगदी त्या नवरदेवासारखं गंभीर केलं, आणि जीप उतारात घातली. पाणी घोटाभर नव्हतं. चाकं गेली. दारं जीपला नव्हतीच. इंजिन बंद पडल्याचा आवाज आला, जीप आतल्या अंगाला कलंडली आणि खळग्यात गेली. पाण्यावर राहिली फक्त टोपी.

आम्ही हसलो. मुश्ताकभाईने शिट्टी मारली. टोपी हळूहळू आमच्याकडे सरकायला लागली, आणि मी टाळ्या वाजवत ओरडले, “आला, आला!” किती वेळ ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की टोपी काठाला आली, मी वाकून उचलली, तेव्हाही मी हसत होते. टोपी हलकी होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ओहोटी असती तर टोपी खाडीकडे गेली असती.

पुढचं लिहीत नाही. मुश्ताकभाईने तीनदा बुडी मारली. लोक आले. वडील यायच्या आत, ओल्याच कपड्यांनी, मुश्ताकभाई माझ्या कानाशी म्हणाला, “बहन, बोल देंगे ब्रेक फेल हुआ. भाभी को यही बोलना.” वहिनीला, वडिलांना, गावाला आम्ही तेच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुश्ताकभाई नंतर मुलुखाला निघून गेला आणि मूठ माझ्या एकटीच्या हातात राहिली.

निकेशचं शूटिंग अक्षय्य तृतीयेला होतं. त्या दिवशी भिवंडीच्या घरी सकाळपासून मी कॅलेंडरकडे बघत होते. तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. वर दीड तास, पावणेचार. निकेशला फोन केला तर म्हणाला, “टेन्शन नको घेऊ आत्या. मोबाइलवर बघितलंय. सव्वादोनची हाय भरती. आमी तीनला सुरू करतोय, तवर पानी उतरायला लागनार. बारका पानी पायजेच, त्याशिवाय सीन न्हाय.”

“अरे, तो टाइम बंदराचा आहे!”

“चल ठेवतो, मेकअपवाली आलीय.”

मी रिक्षा केली. भिवंडीबाहेरच्या नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती, रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. शेवटी रिक्षावाल्याने आतल्या रस्त्याने काढली. बांधावर पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. भाड्याने आणलेली उघडी जीप, कॅमेरावाला, आकाशात घूं घूं करणारा तो ड्रोन, लाल गाऊनमधली होणारी सून, आणि डोक्याला ती टोपी घातलेला निकेश. उंची, खांदे, सगळं दादाचं. उतारात पाणी होतं. निजलेलं.

मी सरळ जाऊन जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

सगळे हसायला लागले. कॅमेरावाला म्हणाला, “आत्याबाईंचा पण सोलो घेऊ या!” निकेशही हसत होता. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता.

“आत्या, उतर ना. लाइट जाते.”

“एक काडी टाक पाण्यात,” मी म्हटलं. “मग उतरते.”

त्याने माझं मन राखायला म्हणून बांधावरची एक वाळकी काडी मोडली आणि पाण्यात टाकली. काडी जरा वेळ थांबली. मग गावाकडे निघाली. निकेशने मोबाइल काढला, बघितला, पुन्हा काडीकडे बघितलं. ती खळग्याच्या वर जाऊन पोचली होती.

“अजून चढतंय?” तो म्हणाला. “मोबाइलमध्ये तर…”

“तुझ्या पप्पांनी पण असंच मोजलं होतं.”

मग मी सांगितलं. स्टिअरिंग न सोडता, समोर बघत, शाळेत धडा वाचावा तसं सगळं सांगितलं. ब्रेक फेल झाले नव्हते. तो पळापळी खेळत होता. त्याने मोजलं आणि मी बरोबर म्हणाले. टोपी आली आणि आम्ही हसलो. टाळ्या वाजवल्या. मी “आला, आला” म्हणून ओरडले. कॅमेरावाल्याने कधीतरी ड्रोन खाली उतरवला असावा, कारण घूं घूं थांबली होती. होणारी सून गाऊनचा घोळ उचलून उभी होती, तो तिच्या हातातून सुटला.

निकेशने टोपी काढली. उलटी करून आत बघितलं. तिच्यात काय बघत होता कोण जाणे. मला वाटलं, आता हा मला मारेल तरी, नाहीतर कधी तोंड दाखवणार नाही. दोन्हीला माझी तयारी होती.

“लय जोरात हसलेलात?” त्याने विचारलं.

“हो.”

“पानीखाली आवाज जातो ना, आत्या?”

अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले होते. रात्री नाही, दिवसा. फळ्यावर गणित लिहिताना, शुक्रवारी लूम थांबले की. मी म्हटलं, “जात असेल.”

तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. पाणी आता उतारावरून आवाज न करता आत वाहत होतं, आणि मघाशी कोरडा असलेला बांधाचा दगड बुडला होता. त्याने टोपी माझ्या मांडीवर ठेवली.

“मंग पप्पांना वाटलं असंल,” तो म्हणाला, “सीन जमला.”

पावणेचारला पाणी जीपच्या पुढच्या चाकांना लागलं आणि तिथेच थांबलं. आम्ही दोघं बसून होतो. कोणी हसत नव्हतं.